वाड्याच्या भिंतीला सिमेंट लावण्याआधी

पुण्या-साताऱ्याच्या जुन्या पेठांतल्या वाड्यात तळमजल्याच्या भिंती पाहाव्यात. जमिनीपासून कमरेपर्यंत गिलावा फुगलेला, रंगाचे पोपडे सुटलेले आणि त्यांच्यामागून विटेची भुकटी गळतेय. घरातले म्हणतात, वाडा जुना झाला. पण गिलाव्याचा एक तुकडा काढून पाहिला तर बहुतेक वेळा तो करडा निघतो, म्हणजे सिमेंटचा. भिंत दीडशे वर्षांची, आणि तिचं दुखणं वीस-तीस वर्षांपूर्वीच्या ‘दुरुस्ती’चं.

वाड्याच्या भिंतीची रचना अशी: खाली काळ्या दगडाचं जोतं, वर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधल्या खणांत चुन्यात बांधलेल्या पातळ विटा. जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी थोडंफार वर चढतंच. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने ते पाणी हवेत उडून जातं. सिमेंट ही वाट बंद करतं. मग पाणी वर सरकतं आणि सिमेंट जिथे संपतं तिथून बाहेर पडायला बघतं. दोन फुटांवरची ओल पाच फुटांवर जाते, त्यावर ठेकेदार आणखी दोन फूट सिमेंट चढवतो. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेच्या तोंडाशी स्फटिक होऊन बसतात आणि तिचे पापुद्रे उडवतात. लोणा लागतो तो असा. शिवाय लाकडी सांगाडा ऋतूप्रमाणे हलतो. चुना त्याच्याबरोबर थोडा लवतो, सिमेंट तडकतं. त्या केसाएवढ्या भेगेतून पावसाचं पाणी आत जातं, ते बाहेर काही येत नाही.

म्हणून काम गिलाव्यापासून नाही, पाण्यापासून सुरू होतं. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि वाड्याच्या पायऱ्या एकेक करून गाडल्या गेल्या, हे पेठेत कुठेही दिसेल. ज्या भिंतीचं जोतं पूर्वी उघडं होतं, तिच्या विटांनाच आता रस्त्याची माती टेकलीय. शक्य असेल तिथे भिंतीलगत फूट-दीड फूट रुंदीचा चर खणून मातीची पातळी जोत्याच्या माथ्याखाली न्यावी, तळाला बाहेरच्या दिशेने उतार द्यावा आणि चर खडीने भरावा. पायाच्या तळापेक्षा खोल कधीही जाऊ नये, आणि चर एका दमात सबंध लांबीचा न काढता सहा-सहा फुटांचे तुकडे करावेत. वाड्याच्या आतल्या चौकाकडेही बघा. दगडी फरसबंदीच्या सांध्यांतून ओल उडून जायची. तिथे काँक्रीट ओतून व्हिट्रिफाइड फरशी बसवली की ती ओल चारही बाजूंच्या भिंतींत शिरते. ‘चौक स्वच्छ केला’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते काम वाड्याला सर्वांत महागात पडतं. पन्हळी आणि फुटकी कौलं आधी दुरुस्त करावीत, हे वेगळं सांगायला नको.

सिमेंट काढताना ब्रेकर मशीन लावू नये, हादऱ्याने चांगल्या विटाही सुटतात. हातोड्याच्या दांड्याने ठोकून पाहावं. बद्द आवाज येतो तिथे गिलावा सुटलेला असतो, तिथून छिन्नी तिरकी धरून सुरुवात करावी. जिथे सिमेंट विटेचं तोंड घेऊनच निघतंय, तिथे हट्ट करू नये. तेवढा भाग राहू द्यावा. उघडी भिंत निदान एक उन्हाळा सुकू द्यावी. पांढरे क्षार वर येतील, ते कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावेत. पाण्याने धुतले तर परत भिंतीत मुरतात. लोणा फार असेल तर आधी चुना-वाळूचा कमजोर गिलावा वर्षभरासाठी लावावा. क्षार त्यात ओढले जातात, मग तो खरवडून टाकायचा.

भिंत उघडी आहे तोवर तुळयांची टोकं तपासून घ्या. तुळई मधून कुजत नाही, भिंतीत बसलेल्या टोकाला कुजते. पेचकस टोचून पाहा. अर्ध्या इंचाहून जास्त आत गेला तर लाकूड मेलेलं समजा. दुरुस्तीआधी तुळईखाली टेकू द्यायचे ते फक्त भार घेण्यापुरते. जॅकने तुळई ‘जागेवर’ उचलायला गेलात तर वरच्या मजल्याची भिंत तडकते, कारण इतक्या वर्षांत ती त्या वाकासकट स्थिरावलेली असते. कुजका भाग कापून जुन्याच सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा, सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान तिप्पट. नवं टोक भिंतीत बसवताना भोवती अर्धा-पाऊण इंच मोकळी हवा ठेवावी. ती फट मसाल्याने भरायचा मोह गवंड्याला होणारच, त्यामुळे तेवढा वेळ शेजारी उभं राहावं.

आता चुना. गणपती झाले की विरवायला, म्हणजे पाण्यात फोडायला, टाकावा, म्हणजे दिवाळीनंतर गिलाव्याला तयार होतो. होळीपर्यंत काम उरकावं. पुढच्या उन्हात गिलावा जमण्याआधीच सुकतो. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून आलेला न विरलेला, ताजा हवा. एक खडा पाण्यात टाकावा, काही मिनिटांत फसफसून उकळला नाही तर ती कळी हवा खाऊन मेलेली आहे. विरवताना आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. पाणी उकळून उसळतं, म्हणून चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. नंतर चुना बारीक जाळीतून गाळून खड्ड्यात साठवावा आणि वर दोन इंच पाणी ठेवावं. तीन आठवडे म्हणजे कमीत कमी, दोन महिने उत्तम. घाई केली तर न विरलेले कण भिंतीत गेल्यावर फुगतात आणि गिलाव्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात.

मसाला: विरलेला चुना 1 भाग, सुरखी (विटांची भुकटी) 1 भाग, धुतलेली वाळू 2 भाग. सुरखी हलक्या भाजलेल्या विटांची हवी. जास्त भाजलेल्या काळपट विटांची भुकटी चुन्याशी जमून येत नाही, ती नुसती वाळूसारखी पडून राहते. 100 चौरस फूट भिंतीला 20 मिमी जाडीसाठी ओला मसाला साडेसहा घनफूट लागतो, आणि जुनी भिंत कधीच सपाट नसल्याने आठ घनफूट धरावा. त्यासाठी अंदाजे अडीच घनफूट चुना, अडीच सुरखी आणि पाच वाळू. बेरीज दहा होते, कारण कालवल्यावर घनफळ घटतं. पूर्वी हे सगळं बैलाच्या घाण्यात मळलं जायचं. आता पॅन मिक्सर चालतो, पण पाणी ओतून मसाला सैल करू नये. जितका जास्त मळाल तितका तो आपसूक मऊ होतो. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची रीत जुनी आहे. घालायचंच तर आधी कोपऱ्यात हातभर जागेवर लावून पाहावं, कारण गूळ जास्त झाला तर चुना जमायला वेळ लागतो आणि मुंग्या येतात. ‘लवकर सेट होतं’ म्हणून गवंडी घमेल्यात मूठभर सिमेंट टाकू पाहतो. त्याला ठाम नाही म्हणा. त्या मसाल्यात चुन्याचा गुण उरत नाही आणि सिमेंटची ताकदही येत नाही.

विटांच्या दरजा (सांधे) इंचभर खोल खरवडून भराव्यात, भिंत आदल्या संध्याकाळी भिजवावी. पहिला हात 10 ते 12 मिमी. तो बोटाने दाबला तर ठसा उमटू नये पण नखाची रेघ उठावी, इतपत घट्ट झाला की दुसरा 8 मिमीचा. शेवटी 2 मिमी बारीक चुन्याचा. गिलावा लाकडी खांबावर चढवू नये. त्याच्या कडेला थांबवून मध्ये बारीक खाच ठेवावी. भेग पडणारच आहे, ती त्या सरळ रेषेत पडू द्यावी. जुन्या कामात खांबाची कड मोकळी दिसते ती याचसाठी. खांबावर ऑइलपेंटचे थर असतील तर कॉस्टिकने धुऊ नका, सागवान काळं पडतं आणि तंतू उकलतात. पुण्यातल्या विश्रामबागवाड्याच्या सुरूच्या आकाराच्या खांबांवरचं केळफुलाचं कोरीवकाम ज्यांनी पाहिलंय, त्यांना पेंटखाली काय दडू शकतं हे ठाऊक असेल.

दहा दिवस गिलावा ओलसर ठेवायचा, पण पाइपाने झोडपायचा नाही. ओली गोणपाटं टांगावीत आणि पाणी शिंपडत राहावं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जमतो. त्याला ओलही लागते आणि हवाही, म्हणून प्लॅस्टिकने गच्च झाकणं चूक. पूर्ण कडक व्हायला काही महिने जातात.

रंगाला चुन्याची सफेदी, दुधाइतकी पातळ, तीन-चार हात. प्लॅस्टिक इमल्शन आणि बाजारातली वॉल पुट्टी दोन्ही वर्ज्य, नाहीतर सिमेंट काढून मिळवलेली वाट पुन्हा बुजते. ओला हात जवळपास पारदर्शक दिसतो, म्हणून रंगारी घाबरून त्याच दिवशी जाड हात देतो आणि तो सुकताना भुकटी होऊन झडतो. एक दिवस थांबलं तर तोच हात पांढराशुभ्र उमटतो. पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर खालच्या फूटभर पट्ट्यात थोडे क्षार परत दिसतील. ते कोरड्या ब्रशने झाडावेत आणि तेवढ्याच पट्ट्याला सफेदीचा आणखी एक हात द्यावा.