पहाटे तीनचा बुधवार

रात्रीची झोप ज्याची त्याची असते. दिवसाची झोप मात्र अख्ख्या सोसायटीची. रात्री दोनला कुणी बेल वाजवलीच, तर वाजवणारा आधी माफी मागतो. सकाळी अकराला वाजवली तर ओशाळायचं आपण. डोळे चोळत, चुरगळलेल्या बर्मुड्यात दार उघडायचं आणि समोरच्याने ‘बरं नाही का?’ म्हटलं की नाही हो, नाइट आहे, असं गुन्हा कबूल केल्यासारखं सांगायचं.

मी भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. साडेसहा ते तीन फर्स्ट, तीन ते साडेअकरा सेकंड आणि साडेअकरा ते साडेसहा नाइट. शिफ्ट आठवड्याला बदलते. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी. विजेचा भार एकाच दिवशी हलका होऊ नये, म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वार वाटून दिले गेले, त्यात पुण्याच्या या पट्ट्याला गुरुवार आला. त्यामुळे रविवारी सगळं पुणे लोळत असताना आम्ही कंपनीच्या बसमध्ये, आणि आम्ही घरी असतो तेव्हा पोरं शाळेत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी बायकोने पेन्सिलीने ‘फ’, ‘से’, ‘ना’ लिहून ठेवलेलं असतं. लग्नाची पत्रिका आली की मुहूर्त नंतर, आधी त्या तारखेला ‘ना’ आहे का ते बघितलं जातं. ‘ना’ असेल तर बायको जाते, आणि अक्षता टाकून आल्यावर कोणकोण ‘ते नाही आले?’ म्हणालं त्याची यादी मला मिळते.

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण ज्याने केली, त्याला रात्रपाळी नसणार. धोंड्याची माझी काही तक्रार नाही, त्यावरही झोपेन. पण वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग? सकाळी आठला डोळा लागतो न लागतो तोच घंटागाडीचं गाणं सुरू होतं. नऊला भंगारवाला येतो. पूर्वी तो तोंडाने ओरडायचा, तेव्हा निदान दमायचा तरी. आता रेकॉर्ड केलेला आवाज भोंग्यावर लावून गाडी तिथेच उभी करतो आणि स्वतः चहा पितो. दहाला तीन घरांचे कुकर. साडेदहाला सिलिंडरवाल्याचा फोन, ‘साहेब, ओटीपी सांगा.’ झोपेत मी त्याला एकदा माझा कंपनीतला टोकन नंबर सांगितला, तो म्हणाला, सहा आकडी हवाय. शेवटी बायकोने दारावर कागद चिकटवला, ‘माणूस झोपला आहे, बेल वाजवू नये.’ बेल थांबली. पण शेजारच्या काकू दार ठोठावून विचारायला आल्या, ‘अहो, कोण आजारी आहे?’

झोपेसाठी खोलीत अंधार करायचा, हा उपाय सगळेच सांगतात. केला. खिडकीला जाड काळा पडदा लावला, फटीत वर्तमानपत्र कोंबलं. पण आतल्या घड्याळाला पडदा दिसत नाही. 1729 साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवून बघितलं. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत होती आणि रात्री मिटत होती. आपल्या डोक्यातही तसंच आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक बारीक पुंजका आहे, तो शरीराची वेळ धरून बसलेला असतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, ते फळमाशीत शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. माशीच्या पेशीत एक प्रथिन रात्री साठत जातं आणि दिवसा विरतं, असा तो हिशेब. तिघांनाही मान आहे, पण त्या माश्यांना दर शुक्रवारी शिफ्ट बदलून दिली असती तर काय झालं असतं, तेही बघायला हवं होतं.

या घड्याळाला मिळवणारी किल्ली म्हणजे उजेड. म्हणून नाइट सुटल्यावर सकाळचं कोवळं ऊन, जे बाकी सगळ्यांना औषध म्हणून सांगतात, ते आम्हाला चालत नाही. ते डोळ्यांत गेलं की आतला माणूस म्हणतो, चला, उजाडलं! यावर आमच्यातला एकजण काळा गॉगल लावून बसमध्ये बसतो. पहिल्या दिवशी सगळ्यांनी त्याला हिरो ठरवलं. आता निम्म्या बसला गॉगल आहेत, आणि शिफ्ट सुटल्यावर आमची बस मोतिबिंदूच्या शिबिरातून परतल्यासारखी दिसते.

शिफ्ट कुठल्या क्रमाने फिरते, यालाही महत्त्व आहे. बहुतेकांचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. म्हणून झोप पुढे ढकलणं जमतं, मागे ओढणं जड जातं. फर्स्टनंतर सेकंड, मग नाइट, असा क्रम शरीराला त्यातल्या त्यात बरा. आमच्याकडे उलटा आहे: नाइट, सेकंड, फर्स्ट. का, असं विचारलं तर पहिल्यापासून असंच आहे, हे उत्तर मिळतं.

नाइटला खरी कसोटी चारच्या आसपास. शरीराचं तापमान पहाटेच्या त्या सुमारास सगळ्यात खाली असतं. एसी नसलेल्या शॉपफ्लोअरवरही कानटोपी आठवते. माझ्या हातात गो-नो गो गेज असतं, म्हणजे भोकाचं माप तपासायचं साधन. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, बस. दुपारी हे काम मी गप्पा मारत करतो. चारला मात्र गो आत गेलं, नो गो अडलं, आणि पीस ट्रेमध्ये ठेवता ठेवता मनात येतं, अडलं होतं ना? की मी धरलं होतं तसंच? पुन्हा उचलायचा, कूलंटने बुळबुळीत झालेला पुसायचा, पुन्हा लावायचा. चारच्या तासात माझा प्रत्येक पीस दोनदा तपासला जातो. ग्राहकाने खरं तर त्याच वेळचा माल मागून घ्यावा.

पण नाइटमधला सगळ्यात मजेचा वाद झोपेचा नाही, वाराचा. आमच्या लाइनवर गुरुवारचा उपवास करणारे बरेच. नाइटचं जेवण रात्री तीनला. बुधवारी रात्री आलेला माणूस तीनला ताटावर बसतो, तेव्हा मोबाइलवर गुरुवार असतो. मग जेवायचं की नाही? नवीन पोरं घरून साबुदाण्याची खिचडी आणायची आणि आमच्या ताटातल्या रश्श्याकडे बघत खायची. निवाडा नानांनी केला. नाना आमच्यातले सगळ्यात जुने ऑपरेटर. ते म्हणाले, ‘अरे, पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. उजाडेपर्यंत बुधवारच. जेव गपचूप.’

पुढे युनियनच्या कामात कारखाना कायदा चाळताना मला कळलं, की सरकारही नानांच्या बाजूचं आहे. 1948 च्या या कायद्याचं (2025 मध्ये त्याची जागा नव्या संहितेने घेतली) सत्तावन्नावं कलम सांगायचं, की शिफ्ट मध्यरात्र ओलांडून जात असेल, तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरायचे आणि कामगाराचा पुढचा दिवस शिफ्ट सुटल्यापासून चोवीस तासांचा. पंचांगकर्ते आणि कायदा करणारे एरवी कशावर एकमत होतील असं वाटत नाही, पण पहाटे तीनला बुधवार असतो, हे दोघांनाही मान्य. न पटणारे उरले मोबाइल आणि आमच्या कंपनीचं हजेरीचं नवं सॉफ्टवेअर. ते एका नाइटची दोन तारखांत फाळणी करून दोन्हीकडे अर्धा दिवस गैरहजेरी लावायचं.

त्या कलमाचा दुसरा अर्थही आहेच. माझी सुट्टी गुरुवारी सकाळी साडेसहाला सुरू होते, म्हणजे कायद्याने ठरवून दिलेल्या सुट्टीत मी पहिलं काम झोपण्याचं करतो. उठेस्तोवर तीन वाजतात. बायकोने ठरवलेली कामं, बँक, गिरणी, पोराचा दाखला, सगळी तोवर बंद व्हायला आलेली. तिचं म्हणणं, ‘अहो, कायद्याला सांगा, दळण आणून देईल.’

नाना रिटायर झाले. आयुष्यभर तीन शिफ्ट केलेल्या माणसाला आता रात्री सलग झोप मिळेल, असं आम्हाला वाटत होतं. पण त्यांना तीनला जाग येते ती येतेच. वहिनी वैतागतात, कारण ते उठून चहा टाकतात आणि डब्यांचा आवाज करतात. त्या वेळी कुणाला फोन करणार? जागे असणारे ओळखीचे आम्हीच. परवा कॅन्टीनमध्ये ताट घेऊन बसलो आणि फोन वाजला.

‘काय भाजी आहे रे आज?’

‘दुधी, नाना.’

‘मग ठीक आहे,’ म्हणाले आणि ठेवला.