उत्स्फूर्त भाषणाचं सत्र: खेप तिसरी

रविवारी इंदूरच्या आमच्या मंडळात उत्स्फूर्त भाषणाचं सत्र पुन्हा माझ्याकडे आलं. आम्ही दहा-बारा मराठी माणसं, साचा टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करून घेणाऱ्या संस्थेच्या 'टेबल टॉपिक्स'चा, म्हणजे आयत्या वेळी मिळालेल्या प्रश्नावर एक-दोन मिनिटं बोलायचं. एका मिनिटाला हिरवं कार्ड, दीडला पिवळं, दोनला लाल. त्यांच्या स्पर्धेत अडीच मिनिटं ओलांडली की बाद. आमच्याकडे टाळ्या वाजवून खाली बसवतात.

आधी मागचा हिशेब. पहिल्या खेपेला मी 'यश', 'काळ' असले भारदस्त विषय काढले. जे बोलले ते शाळेतल्या निबंधासारखं बोलले, बाकीचे अर्ध्या मिनिटात आटोपले. दुसऱ्या खेपेला चार मिनिटं प्रस्तावनाच केली, वर नाव आधी पुकारून प्रश्न मागाहून विचारला. नाव कळलं की ज्याचं नाव त्याला घाम, आणि बाकीचे निवांत मोबाईलमध्ये! या वेळी आधी प्रश्न, मग मनात तीनपर्यंत आकडे, मग नाव. त्या तीन आकड्यांत सगळेच छताकडे बघत उत्तर जुळवत होते. एवढ्याशा उलटापालटीने खोलीच बदलली.

प्रश्नही या वेळी हातात धरता येतील असे काढले होते. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात. एक काकू पाहुण्या म्हणून आल्या होत्या. विचारलं तर मानेनेच नको म्हणाल्या. मी आग्रह केला नाही. दोघांचं बोलणं झाल्यावर त्यांनीच हात वर केला. चिठ्ठी निघाली: 'सराफ्यात गेलात एका कामाला आणि आणलंत भलतंच, असं कधी झालं?'

काकू उठल्या, पदर सावरला. "मंगळसूत्राची वाटी निखळली होती. यांना म्हटलं, सराफ्यातून सांधून आणा. हे पोचले रात्री नऊला! पेढ्या बंद, समोर खाण्याची दुकानं लागलेली. घरी आले, पुडा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, मंगळसूत्र इतकं गरम कसं?" पुड्यात गराडू, म्हणजे तळलेला कंद, वर जीरावण मसाला. मंगळसूत्र काकांच्या खिशात, तसंच. पिवळं कार्ड त्यांना दिसलंच नाही, पण एक मिनिट बावन्न सेकंदांना आपोआप थांबल्या.

फसलेली चिठ्ठीही सांगतो: 'पोह्यांबरोबर जिलबी हवीच का?' समोरचा म्हणाला, "हवीच," आणि बसला. हो-नाहीत उत्तर संपेल असा प्रश्न पुन्हा डब्यात टाकणार नाही. 'जिलबी संपली होती त्या सकाळी काय केलंत?' असं विचारायला हवं होतं.

शेवटी अडखळणं मोजणाऱ्या ताईंचा अहवाल. इंदुरी मराठीत आमचा अडखळायचा शब्द ठरलेला: 'मतलब'. एकूण चौदा वेळा आला. त्यातले नऊ सूत्रधाराचे, म्हणजे माझे.