मेढ्याच्या वाटेवरचे हातांनी उभारलेले पॉलिहाउस

सातारा शहरात वर्षाकाठी साधारण 1000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तेथून मेढ्यामार्गे दोनेक तासांत गाठता येणाऱ्या महाबळेश्वरात 5000 मिलिमीटरहून अधिक. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात, वेण्णेच्या खोऱ्यात, परसात फुलझाडे लावणाऱ्या माणसाला खरी चिंता असते ती उन्हाची किंवा थंडीची नव्हे, तर जून ते सप्टेंबर या महिन्यांतल्या पाण्याची. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मेढ्याच्या अलीकडच्या एका गावात या चिंतेवर उपाय म्हणून स्वतःच्या हातांनी पॉलिहाउस, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाने झाकलेले रोपांचे घर, उभे केले आहे, असे साताऱ्यातल्या माझ्या मावशीने सांगितले आणि गौरी-गणपतीच्या सुट्टीत ते पाहण्यासाठी मी मुद्दाम वाट वाकडी केली.

साताऱ्याहून निघालेली मेढ्याची एसटी मोळाचा ओढा आणि कोंडवे मागे टाकून कण्हेर धरणाच्या बाजूने पश्चिमेकडे जाते. जलाशय काठोकाठ भरला होता. पुढे भाताची खाचरे लागली, त्यांच्या बांधांवर पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा दाटीने फुलला होता. पावसाची एक सर येऊन गेली की पुढच्या वळणावर लख्ख ऊन, असे सारखे चालले होते.

फाट्यावर उतरून गावातल्या घरी पोहोचले तेव्हा काकू अंगणातच होत्या. "या, या. पाऊस थांबलाय तोवर आधी बाग बघून घ्या, चहा काय कुठं पळून जात नाही," असे म्हणत त्यांनी मला थेट परसात नेले.

घराभोवतीची फुलबाग काकूंची आहे आणि तिची मांडणी देवपूजेच्या परडीवरून ठरलेली आहे. पुढच्या दाराशी जास्वंद, तगर आणि कण्हेर. कुंपणावर गोकर्ण आणि जाई. न्हाणीचे पाणी जिकडे वाहते तिकडच्या ओलसर कोपऱ्यात सोनटक्का आणि कर्दळ. सोनटक्क्याचा वास घराच्या मागच्या ओसरीपर्यंत येत होता. आपोआप उगवलेला तेरडा त्यांनी निंदणीत मुद्दाम राखला होता, कारण तो गौरीला लागतो. अशा बागेत फूल नसलेला महिना येत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. शोभेसाठी आखलेल्या बागा मी पुष्कळ पाहिल्या आहेत, परंतु रोज खुडण्यासाठी लावलेल्या बागेत झाडांची निगा अधिक बारकाईने राखली जाते, कारण मालकीण रोज सकाळी प्रत्येक झाडापाशी उभी राहते.

पॉलिहाउस परसाच्या उंच बाजूला आहे. लांबी 20 फूट, रुंदी 12 फूट आणि मध्यभागी उंची 9 फूट. ही मापे ठरली ती बाजारात मिळणाऱ्या पाइपामुळे. जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, 20 फूट लांबीचा येतो. 12 फूट रुंदीच्या अर्धगोल कमानीला जेमतेम 19 फूट लागतात आणि उरलेला फूटभर पाइप दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा फूट खुंट्यांच्या आत जातो. काँक्रीटमध्ये रोवलेल्या या खुंट्या जाड पाइपाच्या असून जमिनीवर 3 फूट येतात. अशा सहा कमानी चार-चार फुटांवर उभ्या आहेत आणि एकाही पाइपाचा तुकडा वाया गेलेला नाही.

पाइप वाकवण्यासाठी त्यांनी यंत्र आणले नाही. अंगणात दोरीने अर्धवर्तुळ आखून त्यावर लोखंडी पहारा ठोकल्या आणि पाइप त्यांच्या कडेकडेने दाबत नेला. मी वाकलेल्या भागावरून हात फिरवून पाहिला, कुठेही चेपल्याची खूण लागली नाही. काका म्हणाले, "वाकवायच्या आधी पाइपात कोरडी वाळू ठासून भरायची आणि दोन्ही तोंडं लाकडी बुचानं बंद करायची. रिकामा पाइप वाकवला की बाक येतो तिथं तो चेपतोच." कमानींच्या ज्या बाजूवर कागद टेकतो ती बाजू त्यांनी पांढऱ्या रंगाने रंगवली आहे. उन्हात तापलेले लोखंड कागदाला टेकून राहिले तर तो नेमका त्याच रेषेवर आधी फाटतो. कागद म्हणजे 200 मायक्रॉन जाडीची, अतिनील किरणांना टिकणारी फिल्म. ती ॲल्युमिनियमच्या पट्टीत नागमोडी स्प्रिंग दाबून बसवलेली आहे, त्यामुळे एकही खिळा मारावा लागलेला नाही.

थंड प्रदेशातली हरितगृहे ऊब आत कोंडण्यासाठी बांधतात. येथे छत पाणी अडवण्यासाठी आहे आणि बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या आहेत. पश्चिमेचा पडदा पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत खाली असतो, कारण पाऊस तिकडून झोडपतो. पूर्वेची बाजू मात्र दिवसभर उघडी राहते आणि तिच्यावर फक्त कीटकरोधक जाळी असते. उत्तर-दक्षिण टोकांच्या भिंतींत, अगदी कमानीखाली, जाळीच्या खिडक्या ठेवल्या आहेत आणि त्यांच्यावर दीड फूट पुढे आलेली झाप आहे. गरम हवा वर चढून त्या खिडक्यांतून निघून जाते. आत पाऊल टाकल्यावर मला घुसमट अपेक्षित होती, पण हवा सहज खेळत होती. छत अर्धगोल असल्यामुळे पाण्याची झोळ साचत नाही, सगळे पाणी दोन्ही बाजूंच्या चरांतून खालच्या हौदात जाते.

आत 98 कप्प्यांच्या ट्रेमध्ये झेंडू, ॲस्टर आणि झिनियाची रोपे होती. काकांनी एक रोप हलकेच उपसून दाखवले. कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गोळा अखंड बाहेर आला आणि त्याच्या चारही अंगांनी पांढऱ्या मुळ्यांची बारीक जाळी दिसली. उघड्यावर याच रोपांचा बुडखा संततधारेत मऊ पडतो आणि रात्रीतून रांगच्या रांग कोलमडते. ही मर बुरशीमुळे येते आणि साचलेल्या ओलाव्यात झपाट्याने पसरते. म्हणून येथे पाणी फक्त सकाळी देतात, म्हणजे पाने संध्याकाळपूर्वी कोरडी होतात. डेलियाचे कंद तर जुलैपासून वाळूच्या खोक्यात छताखालीच ठेवलेले होते.

सर्वांत जास्त वेळ आम्ही शेवंतीपाशी थांबलो. जूनमध्ये लावलेल्या काड्यांना मुळे फुटली, ऑगस्टमध्ये शेंडे खुडले आणि आता प्रत्येक कुंडीत चार-पाच फांद्यांचे डेरेदार झुडूप झाले होते. पाऊस ओसरला की कुंड्या बाहेर जातात, पण फाटकापाशी नव्हे, तर घराच्या मागे. शेवंतीला कळ्या धरण्यासाठी लांब, अखंड अंधाऱ्या रात्री लागतात. फाटकावर रस्त्याचा दिवा रात्रभर जळतो आणि त्याच्या उजेडातली झाडे वाढत राहतात, पण फुलावर उशिरा येतात, हे काकूंनी आधीच्या हंगामात हेरले होते.

येथून कासचे पठार डोंगरापलीकडे आहे. पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांत 2012 साली त्याचा समावेश झाला आणि तेव्हापासून या दिवसांत तिकडे फार गर्दी असते. तिथली एखादी वनस्पती येथे लावली आहे का, असे मी विचारले. "तिथलं तिथंच बरं," काका म्हणाले. जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत, पावसाच्या त्या ठरावीक काळात जगणाऱ्या वनस्पती कुंडीत टिकत नाहीत, आणि उपटून आणणे तर गैरच. त्यांच्या बांधावरची सोनकी आपणहून आलेली आहे आणि तिला त्यांनी हात लावलेला नाही. मला ही भूमिका मनापासून पटते.

रोपे येथे विकत नाहीत. गावातल्या बायका आपल्याकडचे बी किंवा काडी घेऊन येतात आणि बदल्यात रोपे नेतात, त्यातूनच काकूंच्या बागेत तीन रंगांची अबोली आली.

कागद साधारण 3 ते 4 वर्षे टिकतो, त्यामुळे येत्या मे महिन्यात तो बदलावा लागणार आहे. ते काम थंड पहाटे करून चालत नाही, कारण गारव्यात बसवलेला कागद उन्हात सैल पडतो आणि वाऱ्यावर फडफडून फाटतो. ऊन तापल्यावर, पण दुपारचा वारा सुटण्याआधी, म्हणजे दहा-अकराच्या सुमारास तो ओढून बसवायचा असतो आणि त्यासाठी चार माणसांचे हात लागतात. त्यांतले दोन हात माझे धरा, असे मी निघताना काकांना सांगून ठेवले आहे.