निरोपात नसलेली ओळ

तुरुंगात प्रार्थना घ्यायला मी बरीच वर्षं जातो, पण आगमनकाळात तिथे जाताना पाय जड होतात. नाताळाआधीचे चार रविवार आम्ही प्रभूची वाट पाहण्याचे म्हणून पाळतो. ज्यांचं आयुष्यच पुढच्या तारखेची वाट पाहण्यात चाललंय, त्यांना ‘धीर धरा’ कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्या दिवशी तिसरा रविवार होता. मेणबत्त्या आत नेऊ दिल्या, काडेपेटी नाही. तीन जांभळ्या, एक गुलाबी, टेबलावर न पेटवताच उभ्या.

वाचन बायबलमधलं, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायातलं. गालीलचा शासक हेरोद अंतिपानं भावाची बायको केली, ते चूक आहे असं येशूच्या येण्याची वार्ता देणाऱ्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं तोंडावर सांगितलं, म्हणून तो कैदेत. इतिहासकार योसेफस त्या किल्ल्याचं नावही देतो, मृत समुद्राच्या पूर्वेचा माखेरस. तिथून योहान शिष्यांकरवी विचारतो, येणारा तो तारणारा तूच, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहायची? येशू निरोप धाडतो: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते.

“पाळकसाहेब, परत वाचता का?” मागे बसलेले एक गृहस्थ म्हणाले. वाचलं. ते बोटांवर मोजत होते. सहा झाली, सातवं बोट तसंच धरून राहिले.

“कैदी सुटतात, हे नाही यात.”

नव्हतंच. या उताऱ्यावर मी कितीदा उपदेश केलाय! यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ६१व्या अध्यायात, बंदिवानांच्या सुटकेची घोषणा आहे, नासरेथच्या सभास्थानात येशूनं स्वतः ती वाचली. आणि कैदेतल्या माणसाला पाठवलेल्या निरोपात तेवढीच नाही. योहान सुटलाही नाही. तुरुंगातच त्याचा शिरच्छेद झाला.

आत्म्याची सुटका, पापाचं बंधन, ही उत्तरं माझ्याकडे तयार होती. दाराला बाहेरून कुलूप असलेल्या माणसाला ती ऐकवणं मला अन्याय वाटतो. मी एवढंच म्हणालो, “नाही यात. पण असं विचारलं म्हणून येशू योहानावर रागावला नाही. त्याला संदेष्ट्याहून थोर म्हणाला.”

नंतर त्यांच्याजवळ बसलो. “पुढची तारीख कधी?”

“तारखेचं काय घेऊन बसलात, जामीन मंजूर होऊन पाच महिने झाले. जामीनदार कुठून आणू?”

खिशातून त्यांनी आदेशाची प्रत काढली. घड्यांवर कागद चिरला होता, तिथली अक्षरं गेली होती.

पाच महिने! आमच्या मंडळीत जामीन राहू शकतील अशी कितीतरी घरं आहेत. कोणाला विचारायचं मलाच सुचलं नव्हतं. लूक १८ मध्ये येशूनं सांगितलेल्या गोष्टीतली विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते, न्याय मिळेपर्यंत. येशूनं प्रार्थना कशी करावी हे सांगताना तिचंच उदाहरण दिलं. आम्ही मात्र मेणबत्त्या लावून बसलो होतो.

चौथ्या रविवारी उपदेशाऐवजी मी हेच सांगितलं, नाव न घेता. कोणी काही बोललं नाही. आशीर्वादानंतर एक निवृत्त शिक्षिका जवळ आल्या. “कागद काय काय लागतात?”

नाताळच्या आदल्या दिवशी पुन्हा तुरुंगात गेलो. कागदांची पडताळणी बाकी होती, सण आतच जाणार होता. त्यांना तसं सांगितलं.

“त्या बाईंनी मला पाहिलेलंसुद्धा नाही,” ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प. मी उठलो तेव्हा तेही उठले.

“त्यांना सांगा, एकही तारीख चुकवणार नाही.”