दिसले तरी न बोलण्याची पंचगिरी

बेसबॉलच्या नियमपुस्तकात पंचाला गप्प बसवणारे काही नियम आहेत, आणि हौशी सामन्यांत पंचगिरी करणाऱ्या माणसाची खरी परीक्षा मला तिथेच होताना दिसते. बेसबॉलमध्ये पळणाऱ्या खेळाडूला, म्हणजे रनरला, मैदानाच्या कोपऱ्यांवरचे बेस (जमिनीवरच्या पिशव्या) क्रमाने शिवत जावे लागते. रनरचा पाय दुसऱ्या बेसला लागलेला नाही, हे पंचाने चार पावलांवरून पाहिलेले असते. नियमानुसार तो रनर बाद होऊ शकतो. तरीही क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने मागितल्याशिवाय त्याला बाद द्यायचे नसते. इतकेच नव्हे, तर आपल्याला काही वावगे दिसले आहे याची पुसटशी खूणही चेहऱ्यावर उमटू द्यायची नसते.

मी न्यू जर्सीत राहतो आणि वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी मुलांच्या लीगच्या आणि हायस्कूलच्या सामन्यांत पंच म्हणून उभा असतो. क्रिकेटवर वाढलेल्या मराठी माणसाला हा नियम खरे तर परका वाटायला नको. क्रिकेटचा ३१ वा नियम हेच सांगतो: फलंदाज नियमाने बाद असला, तरी क्षेत्ररक्षकाने अपील केल्याशिवाय पंचाने त्याला बाद देऊ नये, आणि ते अपील गोलंदाजाने पुढच्या चेंडूसाठी धाव सुरू करण्यापूर्वी झाले पाहिजे. मात्र क्रिकेटमध्ये अपील हा सर्वच प्रकारे बाद होण्याचा पाया आहे. बेसबॉलमध्ये स्ट्राइक (योग्य पट्ट्यातला किंवा बॅटरने हुकवलेला चेंडू) की बॉल (पट्ट्याबाहेरचा), सेफ की आऊट, फेअर की फाऊल (मारलेला चेंडू रेषांच्या आत की बाहेर) हे सगळे पंच कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगत असतो आणि अपील फक्त मोजक्या प्रसंगांसाठी राखून ठेवलेले असते. त्यामुळे अर्ध्या सेकंदापूर्वी मोठ्याने निर्णय देणाऱ्या त्याच माणसाला दुसऱ्या क्षणी तोंड मिटून उभे राहावे लागते.

हे प्रसंग मुख्यतः तीन आहेत. रनरने वाटेतला बेस न शिवता पुढे जाणे, उंच मारलेला चेंडू झेलला जाण्यापूर्वीच रनरने बेस सोडणे, आणि ठरलेल्या क्रमाबाहेरच्या बॅटरने फलंदाजीला येणे. तिन्ही प्रसंगी चूक उघडकीला आणण्याची जबाबदारी नियमाने प्रतिस्पर्ध्यांवर टाकलेली आहे आणि त्यासाठी मुदतही दिली आहे. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) पुढचा चेंडू टाकला की हक्क संपतो.

पहिल्या प्रकारात पंचाचे काम कसे चालते ते सांगतो. हौशी सामन्यांत बहुतेक वेळा आम्ही दोघेच पंच असतो: एक होम प्लेटमागे (बॅटर उभा राहतो त्या जागेमागे), दुसरा बेसवर. बेस रिकामे असताना बेसवरचा पंच पहिल्या बेसमनच्या (त्या बेसच्या क्षेत्ररक्षकाच्या) मागे, फाऊल रेषेच्या बाहेरच्या अंगाला उभा राहतो. चेंडू आऊटफिल्डमध्ये (बेसपलीकडच्या मैदानात) गेला की तो धावत मैदानाच्या आत येतो, पायावर गिरकी घेतो आणि सगळे जग चेंडूकडे पाहत असताना स्वतः पहिल्या बेसकडे पाहतो. बॅटरने त्या पांढऱ्या पिशवीचा आतला कोपरा दाबला का, हे पाहणे हे त्याचे पहिले काम. मग रनरबरोबर दुसऱ्या बेसकडे सरकायचे आणि तिथेही तेच पाहायचे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांची नजर पळताना हटकून चेंडूकडे असते, आणि वळण घेताना त्यांचा पाय पिशवीपासून वीतभर अलीकडे मातीतच पडतो. मातीवर उठलेला बुटाचा ठसा आणि धूळ न हललेली पिशवी, दोन्ही मला स्पष्ट दिसतात.

अशाच एका सामन्यात रनर तिसऱ्या बेसवर पोहोचला, चेंडू आऊटफिल्डमधून दुसऱ्या बेसमनकडे परत आला आणि तो मुलगा चेंडू ग्लव्हमध्ये धरून नेमका दुसऱ्या बेसवर उभा राहिला. त्याच्याकडे चेंडू होता, त्याचा पाय बेसवर होता आणि रनरने तोच बेस चुकवलेला होता. आता फक्त ‘त्याने हा बेस चुकवला’ एवढे एक वाक्य बाकी होते. पण तो मुलगा बुटाची नाडी पाहत होता. अधिकृत नियमांचे स्पष्टीकरण या बाबतीत नेमके आहे: अपील हे अपील म्हणूनच केलेले असले पाहिजे, मग ते तोंडाने केलेले असो किंवा नि:संदिग्ध कृतीने, चेंडू हातात असताना सहज बेसवर पाय पडणे म्हणजे अपील नव्हे. मी उभा राहिलो. चेंडू पिचरकडे गेला, पिचरने पुढचा चेंडू टाकला आणि त्या रनरची चूक नियमाच्या दृष्टीने मिटली.

मुलांच्या सामन्यात हे निष्ठुर वाटते, हे मी जाणतो. पालकांपैकी कोणी तरी ते पाहिलेलेही असते, आणि ‘पंचांना दिसत नाही का’ असा आवाज जाळीमागून येतो. माझे मत मात्र पक्के आहे. बेसवर नजर ठेवणे हा क्षेत्ररक्षणाचाच भाग आहे. जागरूक राहून चूक पकडणाऱ्या संघाला आणि नाडी बांधत बसलेल्या संघाला पंचाने एकच फळ मिळवून दिले, तर त्याने खेळातील एक कौशल्य काढून घेऊन एका बाजूला फुकट वाटले, असे होते. शिकवायचे असेल तर त्याची वेळ चुकीच्या आधी असते किंवा सामना संपल्यानंतर. दोन डावांच्या मधल्या वेळात ‘चेंडू टाकण्याआधी हात जुळवून क्षणभर स्थिर थांब’ असे मी लहान पिचरला जरूर सांगतो. चूक घडून गेल्यावर आणि तिचा निकाल लागण्यापूर्वी मात्र पंचाचा एकही शब्द निष्पक्ष राहू शकत नाही.

नियमसंचानुसार अपीलची रीत बदलते, आणि एकाच आठवड्यात मुलांची लीग व हायस्कूल असे दोन्ही सामने घेणाऱ्याला ते सतत ध्यानात ठेवावे लागते. व्यावसायिक खेळाच्या अधिकृत नियमांत अपील चेंडू चालू असतानाच करावे लागते: खेळ थांबलेला असेल तर पिचरने रबरवर (चेंडू टाकण्याच्या जागेवरील पट्टीवर) पाय ठेवायचा, पंचाने ‘प्ले’ म्हणायचे, मग पिचरने पाय काढून चेंडू त्या बेसवर फेकायचा आणि तिथल्या खेळाडूने बेस शिवून दाद मागायची. या फेकीत पिचरने चेंडू मैदानाबाहेर घालवला, तर त्या बेसवर पुन्हा अपील करण्याचा हक्कही जातो. हायस्कूलच्या नियमांत खेळ थांबलेला असताना कोच किंवा कोणताही क्षेत्ररक्षक नुसत्या तोंडी शब्दांनी अपील करू शकतो. चेंडू हातात असण्याचीही गरज नसते. मला हायस्कूलची रीत अधिक आवडते, कारण तिच्यात मुलाच्या निरीक्षणाला मोल मिळते आणि घाबरून केलेल्या वेड्यावाकड्या फेकीमुळे ते वाया जात नाही.

सर्वांत अवघड मौन फलंदाजीच्या क्रमाचे असते. सामन्याआधी होम प्लेटजवळ दोन्ही कोच आपापल्या क्रमाची चिठ्ठी देतात आणि तिची प्रत माझ्या खिशात असते. समजा, चौथ्या क्रमांकाच्या मुलाची पाळी असताना पाचवा आला आणि त्याने मारलेल्या चेंडूवर तो दुसऱ्या बेसपर्यंत पोहोचला. पुढच्या बॅटरला चेंडू टाकण्यापूर्वी अपील झाले, तर बाद होतो तो चौथा, ज्याने बॅट हातातही घेतलेली नाही. पाचव्याचा फटका रद्द होतो, त्या फटक्यामुळे पुढे सरकलेले रनर परत जातात आणि आता खरी पाळी पाचव्याचीच असल्याने तोच पुन्हा फलंदाजीला येतो. अपील न होता एक चेंडू जरी टाकला गेला, तरी पाचव्याची खेळी वैध ठरते आणि पुढचा बॅटर सहावा. पाचवा अजून खेळत असतानाच चूक ध्यानात आली, तर कोणीही बाद होत नाही. चौथा येतो आणि असतील ते बॉल-स्ट्राइक तसेच पुढे चालतात. ही सगळी गुंतागुंत खिशातल्या चिठ्ठीत मला दिसत असते, आणि चुकीच्या बॅटरकडे पंचाने कोणाचेही लक्ष वेधू नये असे नियमपुस्तक स्वच्छ सांगते. चिठ्ठी काढून पाहणेसुद्धा इशारा ठरू शकते, म्हणून तसा संशय आला की मी ती खिशातच राहू देतो.

याच्या उलट, काही ठिकाणी पंचाने क्षणाचाही विलंब न लावता ओरडलेच पाहिजे. पहिला व दुसरा बेस, किंवा तिन्ही बेस भरलेले आहेत, दोनपेक्षा कमी बाद आहेत आणि इनफिल्डरला (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाला) सहज झेलता येईल असा उंच चेंडू उडाला, तर झेल होवो वा न होवो, बॅटर बाद असतो. एरवी झेल सुटला की मागून येणाऱ्या बॅटरसाठी रनरना बेस सोडून पुढे पळावेच लागते, आणि क्षेत्ररक्षकाने चेंडूसह पुढचा बेस आधी शिवला तर ते सक्तीने बाद होतात. हा नियम नसता तर इनफिल्डरने मुद्दाम चेंडू सोडला असता आणि बेसला चिकटून राहिलेल्या दोन रनरना आयते बाद केले असते. म्हणून चेंडू शिखरावर पोहोचताच हात वर करून ‘इनफिल्ड फ्लाय, बॅटर आऊट’ अशी हाळी द्यायची, आणि चेंडू रेषेजवळ असेल तर ‘फेअर असेल तर’ हेही जोडायचे. आपल्यावर आता पळण्याची सक्ती उरलेली नाही, हे त्या हाळीवरून रनरना कळते. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी अटलांटा आणि सेंट लुइस यांच्या सामन्यात पंच सॅम होलब्रुक यांनी लेफ्ट फिल्डमध्ये बऱ्याच आत पडलेल्या चेंडूवर हा निर्णय दिला, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या आणि खेळ १९ मिनिटे थांबला. चेंडू किती लांब होता आणि हात किती उशिरा वर गेला, यांवरच मुख्यतः वाद झाला. लिटल लीगमध्ये लहान मुलांनी चेंडू बॅटरपर्यंत पोहोचण्यापूर्वी बेस सोडायचा नसतो, आणि तिथेही अपीलची वाट पाहायची नाही: पंचाने तत्काळ खिशातला रुमाल किंवा छोटा झेंडा जमिनीवर टाकायचा. त्यात कोणी बाद होत नाही. खेळ पूर्ण होऊ द्यायचा आणि मग रनरना योग्य बेसवर आणायचे.

गप्प राहणे म्हणजे न पाहणे नव्हे, हे नव्या पंचांना पटवण्यासाठी मी १९०८ ची गोष्ट सांगतो. ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये शेवटच्या फटक्यावर धाव पूर्ण होताच पहिल्या बेसवरचा रनर दुसरा बेस न शिवताच निघून गेला. शिकागो कब्जचा जॉनी एव्हर्स याने दाद मागितली. पंच हँक ओडे यांनी तो पाय पाहिलेला नव्हता, म्हणून त्यांनी ती मान्य केली नाही. तीन आठवड्यांच्या आत, २३ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर तेच घडले. नवव्या डावात १-१ अशी बरोबरी, दोन बाद, रनर पहिल्या व तिसऱ्या बेसवर. अल ब्रिडवेलच्या फटक्यावर विजयी धाव आली असे वाटून प्रेक्षक मैदानात उतरले आणि पहिल्या बेसवरचा रनर, न्यूयॉर्क जायंट्सचा १९ वर्षांचा फ्रेड मर्कल, दुसऱ्या बेसच्या अर्ध्या वाटेतून वळला. एव्हर्सने चेंडू मिळवून दुसरा बेस शिवला. या वेळी ओडे होम प्लेटमागे होते. बेसवरच्या पंचाने मर्कलकडे पाहिले नव्हते, ओडे यांनी पाहिले होते. मर्कल सक्तीने बाद ठरला, धाव गेली, सामना बरोबरीत सुटला, ८ ऑक्टोबरला तो पुन्हा खेळावा लागला आणि कब्जने तो जिंकून नॅशनल लीगचे विजेतेपद मिळवले. तांत्रिकदृष्ट्या तो सक्तीचा बाद होता, आजच्या अर्थाने अपीलचा नव्हे. तरी कोणी विचारण्यापूर्वीच ओडे यांचे डोळे योग्य जागी होते आणि विचारणा होताच त्यांच्याकडे उत्तर तयार होते, एवढेच मला त्यातून दाखवायचे असते.

अशीच तयारी १९८३ मध्ये यँकी स्टेडियमवर दिसली. कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटचा होम रन (सर्व बेस फिरून धाव देणारा फटका) बॅटवरील जादा डांबरामुळे रद्द झाला होता; तो प्रसिद्ध वाद मिटून १८ ऑगस्टला सामना पुढे सुरू झाला, तेव्हा मैदानात नवे पंच होते. यँकीजचे व्यवस्थापक बिली मार्टिन यांनी ब्रेटने बेस शिवलेच नव्हते असे अपील करवले, कारण नव्या पंचांनी ते पाहिलेले असणे शक्यच नव्हते. मुख्य पंच डेव्ह फिलिप्स यांनी ब्रेटने सर्व बेस शिवले होते असे आधीच्या पंचांनी सही करून दिलेले प्रतिज्ञापत्र खिशातून काढून दाखवले. मला हा प्रसंग फार आवडतो.

आमच्या मैदानांवर अडचण येते ती बहुतेक वेळा कोचच्या प्रश्नांमुळे. ‘तुम्हाला दुसऱ्या बेसवर काही दिसले का?’ असे विचारून ते अंदाज घेऊ पाहतात. प्रश्न म्हणजे अपील नव्हे, म्हणून मी त्याचे उत्तर हो असेही देत नाही आणि नाही असेही देत नाही. दोन-तीन रनर पळाले असतील तर कोणाबद्दल तक्रार आहे हेही स्पष्ट व्हायला हवे. मी एवढेच विचारतो: ‘तुम्ही अपील करत आहात का, आणि करत असाल तर कोणत्या रनरबद्दल, कोणत्या बेसवर?’ त्याने ते नीट सांगितले की माझ्या दृष्टीने थांबण्याचे कारण संपते, आणि निर्णय मी दोन्ही डगआऊटना (संघांच्या बाकांना) ऐकू जाईल इतक्या मोठ्याने देतो.