व्ही-क्रॉसचे मागचे पाटे: आधी काटा, मग कॅटलॉग

माझ्या इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअपला कॅनोपी (मागच्या हौद्यावरचं झाकण) बसली, सामानाचे ड्रॉवर बसले आणि त्यांच्यासोबत गाडीनं पण मागून बसकण मारली. गेल्या अपडेटला फोटो बघून दोघातिघांनी विचारलंच होतं की मागं काय सिमेंट भरलंय काय. तर मंडळी, गेले दोन महिने पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मागंच होतो, आता बसवून बाराशे किलोमीटर झाले म्हणून लिहितोय.

गाडी २०१७ ची, पाटे अजून कंपनीचेच होते. रिकामी असताना काहीच तक्रार नव्हती, पण सगळं सामान कायमचं बसल्यावर स्पीडब्रेकरला मागून धप्प आवाज यायला लागला, म्हणजे ॲक्सल थेट बम्प स्टॉपरला (चेसीखालच्या रबरी ठोकळ्याला) जाऊन धडकत होता, आणि रात्री भुईबावडा घाट उतरताना समोरचा प्रत्येक जण मला डिपर मारत होता, मी लो बीमवरच होतो तरी, कारण मागचं बूड खाली गेल्यामुळं पुढचे दिवे आभाळात.

पहिल्यांदा गेलो ट्रकच्या पाटेवाल्या काकांकडं. माणूस हाताचा पक्का. खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "एक पाटा वाढवूया की दादा, हत्ती बसला तरी हलायची नाही." स्वस्तातलं काम, तासाभराचं, मोह झालाच. पण हलायची नाही हीच तर अडचण आहे ना. शिवाय वाढवायला त्यांच्याकडं जो पाटा होता तो आखूड आणि जाड. आखूड जाड पाटा मध्ये घातला की तो जिथं संपतो तिथंच वरचा पाटा सारखा वाकत राहतो आणि काही दिवसांनी नेमका तिथंच तुटतो. जाडीचं गणित पण लई फसवं आहे, पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो, म्हणजे ७ मिमीच्या जागी ८ मिमी घातला तर ३४३ च्या जागी ५१२, एका मिलिमीटरात तो पाटा जवळजवळ दीडपट कडक. काकांना हे सांगितलं तर हसले, म्हणाले, "ट्रकला कोण विचारतंय." बरोबरच आहे त्यांचं, ट्रकमध्ये मागं माझी आई बसत नाही.

मग कॅटलॉग. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग, डॉबिन्सन्स, ही सगळी नावं ऑस्ट्रेलियाची, कारण तिकडं पिकअपवर कायमची कॅनोपी आणि सामान लादून फिरणारी जनता भरपूर आणि डी-मॅक्स पण तिकडं बख्खळ. या लोकांची एक गोष्ट मला आवडली, पाटा विकताना ते गाडीचं मॉडेल विचारतातच, पण मागं कायम किती वजन असतं हे पण विचारतात. रिकामी किंवा हलकी, मध्यम, आणि कायम जड, असे साधारण तीन प्रकार. आपल्याकडं मात्र पहिला प्रश्न, "किती इंच लिफ्ट पाहिजे?" इथंच बरेच जण गंडतात. उंची बघून जड पाटा घेतात आणि मग रिकामी गाडी खड्ड्यात मागून उड्या मारते, टायर जमीन सोडतो, पावसात वळणावर मागची बाजू सटकते. एका मित्रानं कायम ४०० किलोवाला सेट घातलाय आणि मागं असते फक्त स्टेपनी न् एक कॅम्पिंगची खुर्ची. त्याच्या गाडीत बसलं की दात हलतात.

तर वजन. आमच्याकडं उसामुळं काट्यांना तोटा नाही. कॅनोपीच्या आधी फक्त मागची चाकं काट्यावर चढवून वजन केलं होतं तेव्हा मागचा ॲक्सल ८०० किलो भरला होता, पावती डॅशबोर्डात सापडली (बायको म्हणते कचरा, बघा). तशीच परत केली तर १०३०. म्हणजे कायमचा भार २३० किलो, आणि मी मनात धरून बसलो होतो दीडशे. प्लायवूडचे ड्रॉवर लई वजन खातात हो, त्यात दुसरी बॅटरी, फ्रिज, हत्यारं. मग ट्रिपचं सामान, पाण्याचे कॅन वगैरे भरून परत काट्यावर, ११७०. काटेवाला विचारतोय ऊस कुठाय.

प्रत्येक वेळी चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. रिकामी ५४० मिमी, कायमच्या सामानाला ४९०, ट्रिपला ४६५. गंमत बघा, पहिल्या २३० किलोला ५० मिमी बसली आणि पुढच्या १४० ला २५ च, म्हणजे शेवटी शेवटी खालचा जाड सपाट पाटा मदतीला येतोय. तो पाटा ओझ्याच्या दिवसासाठी असतो आणि माझा रोजचा भारच त्याच्यावर बसला होता.

एवढे आकडे हातात आल्यावर निवड सोपी झाली. कायम २०० च्या आसपासवाला मध्यम सेट घेतला. ट्रिपला थोडी बसेल ते चालेल, वर्षातले वीस दिवस. पॅराबोलिकचा पण विचार केला होता, कमी पाटे, टोकाकडं निमुळते, एकमेकांवर घासत नाहीत म्हणून मऊ चालतात, पण माझ्या भाराला बसेल असा सेट वेळेत मिळेना. सोबत शॉक ॲब्झॉर्बर पण नवीन घेतले, कारण कडक पाटा परत वर येताना जोरात येतो आणि दमलेला शॉक त्याला धरून ठेवू शकत नाही. खिशाला लागलं. यू बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) नवीनच. जुने एकदा ताणले गेलेले असतात, ते परत वापरायची कंजुषी करू नका.

चार इंच लिफ्ट, लांब शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसीला टांगणारी पट्टी) वगैरेच्या नादाला लागलो नाही. एक तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे (गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन), आणि दुसरं म्हणजे मागून जास्त उचललं की प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो आणि गाडी जागची निघताना सेंटर बेअरिंगपाशी थरथर सुरू होते. ज्या पिकअपला मागच्या ब्रेकचा भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो त्यांनी तर त्याची दांडी परत सेट करून घ्याच, नाहीतर मागं सामान असून पण व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागचा ब्रेक कमी लागतो.

बसवायला रविवार गेला. भाऊ आणि मी, दोन जॅक, दोन स्टँड. पाट्याच्या पुढच्या आयचा (टोकाच्या गोल वेटोळ्याचा) बोल्ट असा गंजला होता की त्यानंच तीन तास खाल्ले, शेवटी कापला. आणि मग मी तो मूर्खपणा केला जो करू नका म्हणून मीच कितीजणांना सांगितलंय. गाडी हवेत असताना आय आणि शॅकलचे बोल्ट फुल्ल टाईट केले. रबरी बुश असला की तो ज्या अवस्थेत आवळला ती त्याची सरळ अवस्था ठरते, गाडी खाली आली की तो कायम पिळलेला राहतो आणि फाटतो. दुसऱ्या दिवशी शॅकलपाशी कुईकुई ऐकल्यावर डोक्यात प्रकाश पडला. सहाच्या सहा बोल्ट सैल केले, गाडी चाकांवर उभी करून दोनचार वेळा मागं उभं राहून हलवली आणि तशीच खाली झोपून टॉर्क रेंचनं आवळली. आवाज बंद.

आता मोजमाप. कायमच्या सामानासह ५३५, ट्रिपच्या लोडला ५१५. बम्प स्टॉपरची भेट अजून नाही. ५०० किलोमीटरला यू बोल्ट तपासले तर चारही पाव आटा फिरले, म्हणजे नवीन पाटे एकमेकांवर बसतायत, हजाराला परत बघितले तेव्हा जागचे हलले नाहीत. रिकामी चालवून बघायची हौस होती पण ड्रॉवर कोण काढणार. घाटात डिपर बंद झालेत, उलट दिवे आता थोडे खालीच पडतात म्हणून आतलं दिवे वरखाली करायचं लेव्हलिंगचं चाक शून्यावर आणावं लागलं.

एकच गोष्ट खटकतेय, उजवी बाजू डावीपेक्षा ८ मिमी खाली आहे. दुसरी बॅटरी आणि फ्रिज दोन्ही उजवीकडंच ठेवलेत, त्यामुळं पाट्याला नावं ठेवण्याआधी पुढच्या रविवारी फ्रिज डावीकडं घेऊन परत टेप लावतो.