चौदा वर्षांच्या मुलाला एकटं लोकलने कशी पाठवतेस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सोसायटीत, नात्यात, मुलाच्या तबल्याच्या क्लासबाहेर हा प्रश्न ठरलेला असतो: "डोंबिवलीहून दादरला एकटा जातो? तुझा जीव टांगणीला लागत नाही?"

लागतो. तो घरी येईपर्यंत माझा डोळा घड्याळावरच असतो. पण माझा जीव टांगणीला लागतो म्हणून त्याने घरात बसायचं, हे मला पटत नाही.

एकदम पाठवलं नाही. मुलग्यांना बारा वर्षांपर्यंतच लेडीज डब्यात नेता येतं. त्यामुळे जनरल डबा त्याला शिकावाच लागणार होता. आधी दोघं शेजारी बसायचो. मग मी त्याच डब्यात लांब उभी राहू लागले आणि कुठे उतरायचं ते तो मला खुणेने सांगायचा. क्लास रविवारी दुपारी असतो. सकाळी आठच्या गर्दीत मी त्याला आजही पाठवणार नाही, तिथे भले भले गुदमरतात. दारात लटकायचं नाही, रूळ ओलांडायचे नाहीत, सुटलेल्या गाडीमागे धावायचं नाही. यावर चर्चा नाही. बाकी तिकीट, सुटे पैसे, स्लो की फास्ट हे सगळं त्याचं त्याने बघायचं.

एका रविवारी मेगाब्लॉक होता. दादरला आली ती गाडी त्याने पकडली आणि ती निघाली ठाण्यापर्यंतचीच. ठाण्याला सगळे उतरले तसा हाही उतरला. एका आजोबांना विचारलं, पूल चढून दुसऱ्या फलाटावर गेला आणि कल्याण स्लो पकडली. बराच उशिरा घरी आला. मी फोनवरून सगळं सांगत बसले असते तर लवकर पोचला असता, पण पुढच्या वेळीही फोनच केला असता. आता गाडीत चढण्याआधी तो इंडिकेटर नीट वाचतो, हे मी शिकवलेलं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दादरचे फलाट क्रमांक बदलले आणि मध्य रेल्वेचा एक नंबर आठ झाला, हेही त्यानेच त्याच्या आजोबांना समजावून सांगितलं.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या मुलांना कोपऱ्यावरच्या वाण्याकडे एकटं पाठवत नाहीत, त्यांनाच पंधराव्या वर्षी स्कूटरची चावी मिळते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, हे २०१९ पासून कायद्यात आहे. रस्ता कधी स्वतःच्या पायांनी ओलांडलेला नाही, वाहनांचा अंदाज नाही, आणि हातात थेट अ‍ॅक्सिलरेटर! याला लाड म्हणवत नाही मला.

आता त्याला कल्याणहून एकट्याने पुण्याला आत्याकडे जायचंय. गाड्या बघून ठेवल्यात. मी विचारलं, "सीटवर दुसरंच कोणी बसलेलं असलं तर काय करशील?" म्हणाला, "उभा राहीन." हे उत्तर मला पटलेलं नाही. टीसीला शोधून तिकीट दाखवायचं, हे त्याला सुचेपर्यंत पुणं थांबेल.